अडुसष्ट

पत्र्याच्या पेटीत एकूण तेवीस वस्तू निघाल्या. तृप्तीने दुकानाच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून त्या ओळीने मांडल्या आणि एका बिघडलेल्या झेरॉक्स प्रतीच्या पाठीवर यादी केली. रीळ धुण्याची काळी डबी एक. डबीत बसणारी, रीळ गुंडाळायची चकरी एक. काचेचा मापाचा पेला एक, कड फुटलेला. लाल बल्ब दोन, त्यातला एक उडालेला. लाकडी चिमटे अकरा. प्लॅस्टिकचे ट्रे तीन. पाऱ्याचा थर्मामीटर एक. आणि कागदात गुंडाळलेली, कधीच न धुतलेली रिळं तीन.

"पप्पा, ह्यातल्या एका रिळावर एक्केचाळीस लिहिलंय," ती म्हणाली.

बद्रीनाथ झेरॉक्स मशीनपाशी उभे होते. शेजारच्या प्रसादाच्या दुकानातल्या पुंजारामाचा सातबारा काचेवर होता आणि मशीनचा दिवा काचेखालून सरकत होता.

"किती?"

"एक्केचाळीस. चारावर एक."

बद्रीनाथांनी मशीनचं झाकण तसंच उघडं टाकलं आणि ते येऊन फरशीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांत ते खाली बसले नव्हते. त्यांनी रीळ हातात घेतलं, कागदाची पट्टी अंगठ्यानं दाबून पाहिली, नाकाशी नेलं.

"बद्रीशेठ," पुंजाराम म्हणाला, "माझ्या उताऱ्यावर निस्ता काळा कागद निघून राह्यला."

"ने तसाच. वावरात काळीच माती हाय न्हवं तुझ्या."

पण हे बोलतानाही ते पुंजारामाकडे बघत नव्हते.

आता तिथं झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म एवढंच होतं, पण एके काळी राजूरच्या मंदिराच्या रस्त्यावर हा फोटो स्टुडिओ होता. चतुर्थीला दर्शन झालं की नवी जोडपी, जावळाची पोरं, नवस फेडायला आलेली म्हातारी माणसं रांगेनं इथं यायची. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा, समोर दोन लाकडी खुर्च्या. रंगीत रिळं जालन्याला पाठवावी लागत आणि आठ दिवस जात. काळी-पांढरी मात्र बद्रीनाथ मागच्या खोलीत स्वतः धुवायचे. फोटोच्या धंद्यात रीळ 'धुतात'. अंधारात ते डबीत घालायचं, मसाल्याच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवायचं, मग ते पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात. तेव्हा त्यावर माणसं उमटतात.

एक्केचाळीस नंबरचं रीळ तेवीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं. त्यावर धुळाजी आणि जयवंताबाई होते. भोकरदनकडच्या एका वाडीतलं मेंढरं राखणारं जोडपं. जन्मात पहिल्यांदा फोटो काढून घ्यायला आलं होतं. त्या उन्हाळ्यात बर्फाचा कारखाना बंद होता, पाणी गार करायला बर्फ नव्हता. बद्रीनाथांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यात एक रीळ धुतलं. पाणी गरम होतं. दुधावरची साय बोटाला यावी तसा रिळावरचा थर त्यांच्या बोटांवर आला. गेलं ते एक्केचाळीस, असं ते तेव्हापासून धरून चालले होते.

"मंग ते दुसरंच होतं," ते म्हणाले. "तेवीस वर्षं मी त्या बाईला सांगून राह्यलो, रीळ गेलं, रीळ गेलं."

जयवंताबाईंना तृप्तीही ओळखत होती. दर अंगारकीला त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत, पाणी मागत आणि आत न बघताच विचारत, "बद्री, फोटू वाळला का?" बद्रीनाथ म्हणत, "रीळ गेलं, आक्का." त्यावर त्या म्हणत, "रीळ गेलं, मानूस गेला, तुझं दुकान तेवढं राह्यलं." धुळाजी त्या फोटोनंतर दोन वर्षांत वारले. त्यांचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. ना मतदानाच्या कार्डावर, ना पासबुकावर, ना कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये. अशा माणसाचा चेहरा फक्त ज्यांनी पाहिला त्यांच्याकडेच राहतो.

गेल्या अंगारकीला जयवंताबाईंनी पाण्याच्या तांब्यासाठी हात पुढे केला तो तांब्याच्या वीतभर बाजूला. काचबिंदूनं उजवा डोळा पार गेला होता, डावा जात होता. "नळीतून बघितल्यावानी दिसतं," त्या म्हणाल्या होत्या. "डाक्टर म्हनला दिवाळीपातूर. मंग नळी बी बंद."

पुढच्या अंगारकीला अकरा दिवस होते.

"आजच धुवा मग," तृप्ती म्हणाली.

बद्रीनाथांनी पेटीतला थर्मामीटर उचलला. त्यावर फॅरनहाइटचे आकडे होते आणि एका जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका. पारा ठिपक्याच्या कितीतरी वर, शंभराच्या पुढे गेलेला होता.

"ह्या पाण्यात?" ते म्हणाले. "अडुसष्ट पायजे. बिलकुल अडुसष्ट. एकदा घालवलं तेवढं पुरे झालं."

तृप्तीला लहानपणी अडुसष्ट हा आकडा आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या घरात तो शब्द होता. रीळ धुवायचं पाणी अडुसष्ट अंशांवर लागतं, यावरून बद्रीनाथ जे जे नेमकं जमेल त्याला अडुसष्ट म्हणत. चहा अडुसष्ट झाला. आंघोळीचं पाणी अडुसष्ट हाय, जा. आई सगुणाबाई सुद्धा भाजीची चव घेऊन म्हणायची, "मीठ अडुसष्ट." पहिलीत बाईंनी विचारलं, सदुसष्टच्या पुढं काय, तेव्हा तृप्ती गप्प उभी राहिली होती. वर्गानं "अडुसष्ट" म्हटल्यावर तिला रडू आलं, कारण आपल्या घरातला शब्द ह्यांना कुणी सांगितला हे तिला कळेना.

त्या मागच्या खोलीचीही तिला आठवण होती. लाल बल्ब, हायपोचा आंबूस वास, आणि स्टुलावर उभी ती. बद्रीनाथांचं घड्याळ बंद पडलेलं असे, म्हणून कागदावर उजेड टाकताना ते म्हणत, "सातचा म्हण." ती सातचा पाढा म्हणे, साती दाही सत्तर झालं की दिवा बंद. पातळ निगेटिव्हला पाढा निम्माच, दाट असलं तर दोनदा. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, खोलीत कागदाचे गठ्ठे आले, आणि पाढे शाळेपुरते उरले.

आता ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन घरी आली होती. जूनपासून जालन्यात एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी होती. तिनं नेलपॉलिशच्या ठिपक्याकडे पाहिलं आणि मनात हिशेब केला: अडुसष्ट फॅरनहाइट म्हणजे वीस सेल्सिअस. दुकानात त्या घडीला एक्केचाळीस होते.

मसाला तिनं पुण्याहून मागवला. इतकं जुनं, उन्हाळे खाल्लेलं रीळ फार हळू धुवावं लागतं: अगदी पातळ मसाला, आणि त्यात डबीला हात न लावता एक तास. तो सगळा तास पाणी वीसवरच राहायला हवं. नंतरचं हायपो आणि धुण्याचं पाणीही वीसच. एकात गार आणि दुसऱ्यात गरम झालं तर थराला बारीक भेगांचं जाळं पडतं.

"फ्रीजात ठेव की मंग," पुंजाराम म्हणाला. तो रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन बसे.

"माझ्या फ्रीजात ते औषध-बिवषध न्हाई ठेवायचं," मागून सगुणाबाई म्हणाल्या. "विरजण हाय त्यात. फोटो धुवायचा ते धुवा, आमाला नका धुऊ."

तृप्तीनं साध्या पाण्याची बाटली फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. वीसवर आल्यावर बाहेर काढली. पस्तीस मिनिटांत ती सत्तावीसवर गेली. म्हणजे थंड करून भागणार नव्हतं, थंड ठेवावं लागणार होतं.

तेव्हा तिनं डबा बनवायला घेतला. मेडिकलवाल्याकडून इंजेक्शनांचा थर्माकोलचा डबा आणला, भिंती दोन बोटं जाड. दुकानातल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून पंखा आणि त्याच्या खालचा, पातळ पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला. पेल्टियरची प्लेट आणि तापमान बघून वीज चालू-बंद करणारी एक छोटी पट्टी कुरियरनं आली. प्लेट बिस्किटापेक्षा लहान, चार सेंटिमीटर बाय चार.

"एवढीशी?" बद्रीनाथ म्हणाले. "हिच्यात बर्फ कुठं बसतो?"

"बर्फ नाही, पप्पा. ही हमाल आहे. वीज दिली की ह्या बाजूची उष्णता उचलते आणि त्या बाजूला टाकते. डब्यातली उष्णता काढून बाहेरच्या ठोकळ्यावर. ठोकळ्यावरून पंखा ती उडवतो."

"आणि न्हाई उडवली तर?"

"तर हमालाच्या पायाशीच ढीग साचतो, आणि दोन्ही बाजू तापतात."

"म्हंजे आपल्या दुकानावानी," सगुणाबाई म्हणाल्या. "मी आतून पसारा काढते, तुमी दारात टाकता."

तृप्तीनं डब्याच्या भिंतीला चौकोनी भोक पाडलं, प्लेटच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट लावून ती आत लावलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणि बाहेरचा ठोकळा यांच्यामध्ये बसवली, फटी सिलिकॉननं बुजवल्या. आत चार लिटर पाणी, त्यात मसाल्याची, हायपोची बाटली आणि काळी डबी उभी राहतील एवढी जागा. पाण्यात तापमान मोजणारी वायर. तापमान बघणाऱ्या पट्टीवर लाल आकडे. वीस लावलं की पाणी विसाच्या वर गेल्यावर प्लेट चालू, खाली आल्यावर बंद.

पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता खोलीत ४१.२ होते. बाहेरचा ठोकळा ५६ वर गेला. आतलं पाणी चौतीसवरून उतरत उतरत २६.४ वर आलं आणि तिथंच बसलं. पाचपर्यंत दशांशही हललं नाही. पहाटे बघावं तर खोलीत एकतीस असत आणि पाणी विसापर्यंत येई, पण चार लिटर उतरायला पाच तास लागत. तोवर पत्र्यावर ऊन आलेलं असे आणि आकडा पुन्हा चढू लागे. रात्रभर चालू ठेवावं तर लाइटचा भरवसा नव्हता. तिनं दुसरी प्लेट लावली. दोघींची उष्णता एकाच ठोकळ्यावर पडू लागली, ठोकळा ६८ सेल्सिअसवर गेला आणि पाणी २७ वर थांबलं. तिनं दुसरी काढून टाकली.

"हमाल वाढवून काय," पुंजाराम म्हणाला, "दरवाजा एकच न्हवं का."

अंगारकीला पाच दिवस उरले असताना तिला कागदपत्रं द्यायला जालन्याला जावं लागलं. दुपारी दर अर्ध्या तासानं आतला आकडा लिहून ठेवा, असं तिनं बद्रीनाथांना सांगितलं. बारा वाजता तिचा फोन वाजला. एसटी उभीच होती, कंडक्टर ओरडत होता, मागे एक कोंबडी.

"तृप्ते, लाइट जाऊन आली. तुझे आकडे पुसले. पुन्ना लावायचं तर बटन दाबून काय ठेवू?"

"ठेवा अडुसष्ट, अजून काय!" ती म्हणाली आणि गर्दीत फोन कट झाला.

सहा तासांनी ती परत आली तेव्हा दुकानात बद्रीनाथ खुर्चीत बसले होते. डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. ठोकळा, पंखा, सगळं आत. वरून सुतळी. रांजणाला बांधतात तसं.

"तुझं यंत्र गेलं," ते म्हणाले. "मी काय न्हाई केलं. तू म्हनली तसं बराबर लावलं. प्लेट बंद, पंखा बंद. मंग म्हनलं पाणी तरी तापू नये, म्हणून भिजवून बांधलं."

तृप्तीनं गोणपाटाची कड बाजूला केली. पट्टीवर लावलेला आकडा होता ६८.

आधी तिला समजलं नाही. मग समजलं आणि ती मटकन फरशीवर बसून हसू लागली. पट्टी सेल्सिअसची. तिला सांगितलं होतं, पाणी अडुसष्ट सेल्सिअसच्या वर गेलं की थंड कर. पाणी चौतीस. पट्टी दिवसभर शांतपणे वाट बघत बसली होती.

"हसून काय राह्यली? तूच म्हनली अडुसष्ट!"

"मी आपल्या घरातलं अडुसष्ट म्हणाले, पप्पा. म्हणजे, तुम्हाला ठाऊक आहे तसं, बरोबर."

"मी बी धंद्यातलं अडुसष्टच लावलं की! जन्मभर तेच लावून राह्यलो." त्यांचा आवाज चढला आणि मग उतरला. "ह्या यंत्राला आमचं अडुसष्ट कळत न्हाई, त्याला मी काय करू."

सगुणाबाई चहा घेऊन आल्या. "घरात एकच शब्द होता सगळ्यांचा," त्या म्हणाल्या, "त्याचेबी दोन करून ठेवले."

कप हातात घेऊनच तृप्तीनं बद्रीनाथांनी लिहिलेला कागद पाहिला. अक्षर जुन्या पावत्यांवर असे तसं, उजवीकडे झुकलेलं. बारा: ३४. साडेबारा: ३४. एक: ३५. दीड: ३५, गोणपाट बांधले. दोन: ३४. तीन: ३३. चार: ३२. पाच: ३१.

तिनं चहा खाली ठेवला. प्लेट बंद, पंखा बंद. बाहेर एक्केचाळीस. आणि बंद यंत्रातलं पाणी उतरत होतं. तिनं दुसरी वायर घेतली आणि गोणपाटाखाली ठोकळ्याच्या पात्यांत खुपसली. जी बाजू छप्पन्न व्हायची, ती होती २५.९.

"पप्पा," ती म्हणाली, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? बर्फ न्हाई मिळाला की मी डबी रांजणाच्या ओल्या फडक्यातच ठेवायचो. एप्रिलपातूर चालायचं. मे मधी अडुसष्टला न्हाई यायचं, सत्तर-पंच्याहत्तरला अडायचं."

म्हणजे गोणपाट एकटं अडतं आणि प्लेटही एकटी अडते. प्लेटला एक्केचाळीसवरून खाली यायचं होतं म्हणून ती सव्वीसला दमत होती. तिला सव्वीसवरूनच सुरुवात करू दिली तर? उन्हाळ्यात इथली हवा हाडासारखी कोरडी. ओल्या कापडातून गेली की पंधरा अंश टाकून देते. ते घरोघरीच्या कूलरला कळतं. एम.एस्सी.च्या पुस्तकातही होतं. पण पुस्तकातलं प्रकरण वेगळं होतं आणि पेल्टियरचं वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये तिला गोणपाट दिसलं नव्हतं.

ती सुतळी पुन्हा आवळायला लागली तशी सगुणाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "असं आवळलं तर पंखा कुठून श्वास घेईल? माठ सुदीक वाऱ्याला ठेवावा लागतो. मोकळं टांग."

सांगितलं तसंच तिनं केलं. तारेची चौकट वाकवून तिच्यावर गोणपाट ताणलं आणि ते पंख्यापासून चार बोटं पुढं उभं केलं, म्हणजे पंख्यात जाणारी सगळी हवा ओल्या कापडातूनच येईल. वर सलाइनच्या बाटलीत पाणी भरून ती उलटी टांगली आणि नळीतून थेंब सोडले, मिनिटाला चाळीस. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला खोलीत ४१.० होते. कापडातून येणारी हवा २७.३. ठोकळा ३९. आतलं पाणी विसावर आलं, प्लेट बंद झाली, २०.३ वर चालू झाली, पुन्हा बंद. दोन तास तेच. बद्रीनाथांनी आपला पाऱ्याचा थर्मामीटर पाण्यात घातला आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. पारा ठिपक्याच्या मधोमध उभा होता.

"ही," ते म्हणाले, "तुझी हमालीन शिकली."

सोमवारी, अंगारकीच्या आदल्या दिवशी, त्यांनी दुकानाचं शटर दुपारी अर्धं खाली ओढलं. मागच्या खोलीतले कागदाचे गठ्ठे बाहेर काढले, दाराच्या फटीला चादर लावली. रीळ चकरीवर चढवायचं काम डोळ्यांनी होत नाही, बोटांनीच करावं लागतं, मिट्ट अंधारात. घामाचा थेंब पडू नये म्हणून बद्रीनाथांनी दोन्ही मनगटांवर फडकी बांधली आणि ते आत गेले.

तृप्ती दाराबाहेर उभी राहिली. कागद सुटल्याचा खरखर आवाज आला. मग थांबला. मग एक शिवी.

"काय झालं?"

"इतकी वर्षं गुंडाळून राह्यलंय, उलगडायलाच तयार न्हाई. बोलू नको."

आतून हळूच काहीतरी ऐकू येऊ लागलं, आधी पुटपुटल्यासारखं, मग स्पष्ट. सात एके सात. सात दुणे चौदा. बद्रीनाथ पाढा म्हणत होते. साती दाही सत्तर झालं, पुन्हा सात एके सात. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि डोळे मिटले तरी तिला लाल दिवा दिसत होता. सात वेळा पाढा झाल्यावर डबीचं झाकण बसल्याचा आवाज आला.

मसाला ओतला तो दोन वाजून दहा मिनिटांनी. डबी पाण्यात उभी केली. एक तास हात लावायचा नाही.

"थोडी हलवू का?" पाचव्या मिनिटाला बद्रीनाथ म्हणाले.

"नाही."

"आमी दर मिनिटाला हलवायचो."

"ह्या वेळी नाही हलवायची. कमी हललं की जुनी धूळ कमी उठते, असं समजा."

"मानसाचं बी तसंच असतं," ते म्हणाले आणि हात मांडीखाली घालून बसले.

बाविसाव्या मिनिटाला लाइट गेली. तृप्तीनं वायर काढून आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला चिमटे लावले आणि पट्टीवर पुन्हा वीस लावलं. आकडा २०.४ पर्यंत चढला आणि परत आला. सगुणाबाई पुठ्ठ्यानं बद्रीनाथांना वारा घालत होत्या. चाळिसाव्या मिनिटाला त्या वारा डब्याला घालू लागल्या. पुंजाराम शटरखालून वाकून म्हणाला, "जिवंत हाय का?" मग तो पायरीवरच बसून राहिला.

तीन दहाला मसाला काढला, हायपो घातला, दहा मिनिटं थांबले, विसाच्याच पाण्यानं सहा वेळा धुतलं. मग बद्रीनाथांनी झाकण उघडलं आणि चकरीवरून रीळ हळूहळू सोडलं. थर हलला नव्हता. तो ताकासारखा धुरकट होता. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली.

बारा फोटोंपैकी पाच कोरे होते, सात जागी काहीतरी होतं. एका जागी खुर्चीचे फक्त पाय, एका जागी पडद्यावरचा धबधबा आणि माणूस नाही. बद्रीनाथ एकेका चौकोनावर नख ठेवत पुढं सरकले. नवव्या चौकोनावर नख थांबलं.

"हा," ते म्हणाले. पट्टी आणखी डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "दोगं बी हायत."

रीळ चिमट्यांनी वाळत टांगलं. संध्याकाळी तृप्तीनं मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर नववा चौकोन ठेवून दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढला, काळ्याचं पांढरं केलं. खुर्चीवर तरुण जयवंताबाई, हात गुडघ्यांवर घट्ट. बाजूला उभे धुळाजी. मोठा फेटा, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. रिळाच्या पाठच्या कागदावरचा आकडा इतक्या वर्षांत रिळावर उतरला होता, म्हणून घोंगडीवर एक फिकट ९ होता. चेहरा धुरातून दिसावा तसा, पण नाक, मिशा, हनुवटीवरची खळी, सगळं होतं. फक्त नजर कॅमेऱ्याकडे नव्हती.

मंगळवारी सकाळी रस्ता माणसांनी फुलला होता. जयवंताबाई नातवाचा हात धरून आल्या, पायरीवर बसल्या, पाणी मागितलं.

"बद्री, फोटू वाळला का?"

"वाळला, आक्का."

जयवंताबाईंनी मान वळवली. "म्हाताऱ्या मानसाची चेष्टा करतो का रे?"

बद्रीनाथांनी रात्रीच सगळ्यात मोठ्या कागदावर छापून ठेवलेला फोटो त्यांच्या हातात दिला. "बघा. तुमच्यासाठी मोठ्ठा केला."

त्यांनी तो डाव्या डोळ्यासमोर धरला आणि मान इकडून तिकडे फिरवू लागल्या, जात्याभोवती सांडलेलं पीठ शोधावं तशी. "ही घोंगडी हाय... हे काय, नऊ? ... हा कोकराचा कान. ... मानूस कुठं हाय रे?" त्यांचा आवाज बारीक झाला. "नळीत बसंना बद्री. तुकडे तुकडेच येतात."

बद्रीनाथांचा चेहरा पडला. तृप्तीनं ड्रॉवर उघडला. तिनं पोस्टकार्डाएवढा एक वेगळा काढून ठेवला होता. "आजी, हा धरा. आणि जवळ नको, हळूहळू लांब न्या, म्हणजे नळीत अख्खा बसेल."

जयवंताबाईंनी हात लांब केला. थोडा. आणखी थोडा. मग हात थांबला.

रस्त्यावरून ढोल-ताशे गेले. पुंजाराम नारळाचं गिऱ्हाईक तसंच सोडून दारात येऊन उभा राहिला. नातू वाकून म्हणाला, "आजे, दिसतो का आजा?"

"दिसतो की." त्यांनी नाक ओढलं. "ह्यो बद्री म्हनला, हिकडं बघा. माझ्याकडं तर न्हाईच, कॅमेऱ्याकडं बी न्हाई. दाराभाईर मेंढरं उभी व्हती, त्याच्याकडंच बघून राह्यला मेला."

हात खाली आला नाही. तृप्तीनं काउंटरवरची स्टीलची पट्टी उचलली आणि त्यांना न कळेल असं बाजूनं मोजलं. डोळ्यापासून फोटोपर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर: आजींचं अडुसष्ट. दहा वाजून सात मिनिटांनी धरलेला फोटो जयवंताबाईंनी दहा एकोणीसला मांडीवर ठेवला.